नोंद रुग्णासाठी की अहवालासाठी?

क्षयरोगाचे निदान होताच ‘या रुग्णाला आजच खाट हवी आहे का?’ हा प्रश्न विचारणारी तमिळनाडूची पद्धत, आरोग्यसेवेच्या संगणकीकरणाकडे वेगळ्या नजरेने पाहायला लावते.

क्षयरुग्णाला घरी पाठवायला जगाला शिकवले ते मद्रासने. १९५६ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून या शहरात क्षयरोग उपचार-संशोधनाचे केंद्र उभारले. वॉलेस फॉक्स हे ब्रिटिश डॉक्टर त्याचे नेतृत्व करत होते. त्या काळी क्षय म्हणजे आरोग्यधाम, असे समीकरण होते. मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध-अंडी आणि वर्षभराचा मुक्काम, असा तो उपचार. तांबरमला डॉ. चौरी मुथु यांनी १९२८ मध्ये काढलेले आरोग्यधाम याच विचाराचे. आपल्याकडे मिरज आणि औंधची आरोग्यधामेही त्याच पठडीतली. देशातील रुग्णसंख्येच्या मानाने या खाटा समुद्रात मूठभर मीठ टाकावे इतक्याच होत्या. मद्रासच्या केंद्राने १९३ रुग्णांची दोन गटांत वाटणी केली. एका गटाला आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्याला त्याच गोळ्या देऊन शहरातल्या दाटीवाटीच्या घरांत राहू दिले. वर्षभराने दोन्ही गटांचे निकाल जवळपास सारखेच निघाले, तेही घरच्या गटाचे जेवण कमी आणि विश्रांती जवळजवळ नसताना. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरातल्या आरोग्यधामांचा अस्तकाळ सुरू झाला.

या अभ्यासातली एक बाजू सहसा सांगितली जात नाही. घरी पाठवलेल्या रुग्णाला त्या केंद्राने वाऱ्यावर सोडले नव्हते. परिचारिका अचानक घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत, औषध खरेच पोटात गेले की नाही हे लघवीच्या तपासणीवरून पाहत. कागदावरची नोंद ही पुढच्या भेटीची सूचना असे. संगणक नसतानाही रुग्णाच्या वाटचालीवर नजर ठेवणारी ती एक व्यवस्थाच होती. घरच्या उपचारांचा निष्कर्ष पुढे देशभर पसरला. त्यामागची ही मेहनत मात्र त्या प्रमाणात पसरली नाही.

सहा दशकांनंतर त्याच शहरातली दुसरी संस्था उलट्या दिशेने प्रश्न विचारू लागली. अंबत्तूरजवळच्या आयप्पाक्कम येथील राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने, म्हणजे आयसीएमआरच्याच दुसऱ्या शाखेने, राज्याच्या क्षयरोग विभागाबरोबर एप्रिल २०२२ मध्ये ‘तमिळनाडू कासनोई एरप्पिल्ला तिट्टम’ हा कार्यक्रम सुरू केला. ‘क्षयाने मृत्यू नाही’ असा त्या नावाचा अर्थ, संक्षेपाने ‘टीएन-केट’. घरचा उपचार बहुसंख्यांना पुरतो, हे मद्रासचे निदान आजही खरे आहे. पण ज्यांना तो पुरत नाही, ते कोण? क्षयाचे बहुतेक मृत्यू उपचार सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत होतात. औषध हातात पडलेले असते, नाव सरकारी नोंदीत चढलेले असते आणि माणूस तरीही जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये भारतात सुमारे २८ लाख लोकांना क्षय झाला आणि तीन लाखांहून अधिक दगावले. जगातल्या दर चार नव्या रुग्णांमागे एक आपला.

केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक रुग्णाची सर्वंकष तपासणी व्हायला हवी: रक्त, साखर, यकृत, एक्स-रे आणि बरेच काही. कागदावर हे उत्तम. पण तालुक्याच्या ठिकाणी या सगळ्या चाचण्या एकाच दिवशी होत नाहीत आणि अहवाल येईपर्यंत अत्यवस्थ रुग्ण घरी परतलेला असतो. तमिळनाडूने ही क्रम-साखळीच बदलली. निदान झाले त्याच दिवशी, त्याच आरोग्य केंद्रात, परिचारिका किंवा आरोग्य कर्मचारी काही मिनिटांत टिपू शकेल अशा पाच बाबी निवडल्या: उंचीच्या मानाने वजन, पायांवर सूज, मिनिटाला श्वास किती, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण आणि आधाराशिवाय उभे राहता येते का. बॉडी मास इंडेक्स १४ च्या खाली, किंवा १६ च्या खाली आणि पायांवर सूज. श्वसन मिनिटाला २४ हून अधिक. प्राणवायू ९४ टक्क्यांहून कमी. उभे राहता न येणे. यांपैकी एक जरी आढळले तरी रुग्ण गंभीर समजायचा, ठरवून दिलेल्या रुग्णालयात पाठवायचा, सर्वंकष तपासणी तिथे करायची. बॉडी मास इंडेक्स १४ म्हणजे काय, हे आकड्यावरून कळत नाही. १६० सेंटिमीटर उंचीच्या प्रौढ माणसाचे वजन ३६ किलोच्याही आत असणे, म्हणजे ते.

अशा माणसाला गोळ्यांबरोबर केवळ शिधा दिला, तर तोही जिवावर बेतू शकतो. दीर्घकाळ उपाशी असलेल्या शरीरात एकदम अन्न गेले की रक्तातील फॉस्फेटसारखे क्षार झपाट्याने घसरतात आणि हृदय दगा देते. म्हणून सुरुवातीचे जेवणसुद्धा मोजूनमापून, देखरेखीखाली द्यावे लागते. खाट हवी ती यासाठी.

या सगळ्यात संगणक कुठे आहे? तो शेवटी येतो, आणि माझ्या मते हाच या प्रयोगाचा सर्वांत शिकण्याजोगा भाग आहे. सुरुवात कागदी अर्जाने झाली. गंभीर रुग्णांसाठीची स्वतंत्र वेब-प्रणाली त्या अर्जाला पूरक म्हणून आली. छाननी झाली का, रुग्ण पाठवला का, दाखल झाला का, किती दिवसांनी झाला, हे तीत कळते. निर्णय कोणता, तो कोणी घ्यायचा आणि त्यानंतर रुग्णाने कुठे जायचे, हे आधी ठरले. पडदा नंतर आला. आपल्या बहुतेक योजनांत याच्या नेमके उलट घडते.

‘निक्षय’ हेच उदाहरण घ्या. २०१२ पासून चालत आलेली ही राष्ट्रीय नोंदप्रणाली अनेक अर्थांनी मोठे काम आहे. खासगी डॉक्टरांकडचे रुग्ण प्रथमच मोजले गेले ते तिच्यामुळे, आणि २०१८ पासून पोषण आहारासाठीचे मासिक ५०० रुपये (आता हजार) थेट खात्यात जातात तेही तिच्यामुळेच. पण तिची रचना वर माहिती पाठवण्याची आहे. जिल्ह्याने किती उद्दिष्ट गाठले, हे दिल्लीला दिसते. काल नोंदवलेला रुग्ण आज उभा राहू शकतो का, हे मात्र तालुक्यालाही ठाऊक नसते. आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली कोट्यवधी लोकांना आरोग्य खाते क्रमांक मिळाले आहेत. क्रमांक मिळाला म्हणजे पुढची पायरी मिळाली असे होत नाही. कर्मचाऱ्याच्या दृष्टीने तर प्रत्येक नवी प्रणाली म्हणजे संध्याकाळी भरायचा आणखी एक तक्ता.

२०२५ मध्ये तमिळनाडूने याच वेब-प्रणालीत मृत्यूच्या शक्यतेचा अंदाज सांगणारे गणित बसवले. साथरोगशास्त्र संस्थेने जुलै २०२२ ते जून २०२३ या काळातील सुमारे ५६ हजार रुग्णांच्या नोंदींवरून ते तयार केले. त्याच पाच बाबी भरल्या की टक्केवारी समोर येते: गंभीर रुग्णांत १० ते ५० टक्के, इतरांत एक ते चार. यात चमत्कार नाही, आणि तो नाही हेच बरे. निदानापासून दाखल होईपर्यंत राज्यात सरासरी एक दिवस लागतो, पण काहींना सहा दिवसांपर्यंत थांबावे लागते. ४० टक्क्यांचा आकडा समोर आला की ‘उद्या बघू’ म्हणणे अवघड जाते, एवढाच त्याचा उपयोग. मात्र घरी लहान मूल कुणाकडे ठेवायचे, दाखल झालो तर मजुरी कशी भरून निघणार, दारू सुटत नाही त्याचे काय, या गोष्टी गणिताला माहीत नाहीत. दाखल व्हायला नकार देणाऱ्याशी शेवटी माणसालाच बोलावे लागते.

कार्यक्रमाच्या मर्यादाही दिसतात. चेन्नईत आखलेला हा कार्यक्रम सुरू झाला तो चेन्नई वगळून, उर्वरित जिल्ह्यांत. आणि तो प्रामुख्याने सरकारी केंद्रांत निदान झालेल्यांचा आहे. खासगी दवाखान्यात निदान झालेल्या रुग्णाला हे पाच प्रश्न कोण विचारणार, याचे उत्तर मिळालेले नाही. शिवाय तमिळनाडूकडे औषधखरेदीपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंतची तीन दशकांची बांधणी आहे. राज्य वैद्यकीय सेवा महामंडळ १९९४ सालचे. ती बांधणी वेब-प्रणालीबरोबर उतरवून घेता येत नाही.

महाराष्ट्रात दरवर्षी दोन लाखांहून अधिक क्षयरुग्ण नोंदवले जातात. वजनकाटा, उंची मोजायची पट्टी आणि कोविडच्या काळात गावोगाव पोहोचलेला पल्स ऑक्सिमीटर, एवढीच साधने छाननीला लागतात. त्यासाठी निविदा काढण्याची गरज नाही. नसतात त्या राखून ठेवलेल्या खाटा. मुंबईत शिवडीचे रुग्णालय तरी आहे. कुपोषण आणि क्षय एकाच झोपडीत नांदतात त्या अक्राणी तालुक्याचा प्रश्न वेगळा आहे. धडगावहून नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात जायचे तर सातपुड्याचा घाट उतरावा लागतो. उभे राहता न येणाऱ्या रुग्णाला त्या घाटातून कोणती गाडी नेणार, सोबत कोण जाणार आणि पोहोचल्यावर कोणत्या कक्षात खाट मिळणार, हे पहिल्या रुग्णाचे वजन करण्याआधीच कागदावर ठरलेले असावे लागेल.