पेटीवरील नाव आणि सातबारावरील पीक

सन २०१३ च्या जानेवारीत आयर्लंडच्या अन्नसुरक्षा खात्याने बाजारात गोमांस म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या डीएनए चाचणीचे निकाल प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांपैकी कित्येकांत घोड्याचे मांस निघाले. महिन्याभरात इंग्लंड, फ्रान्स इत्यादी देशांतही तोच प्रकार उघडकीस आला. एका प्रकरणाचा माग काढता असे दिसले की, ते मांस रुमानियातील कत्तलखान्यांतून निघून दलालांमार्फत फ्रान्सात गेले, लक्झेंबुर्गातील कारखान्यात त्याचे पदार्थ झाले, आणि ते इंग्लंडात विकले गेले. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, रुमानियाकडील लोकांनी मालावर ‘घोडा’ असेच लिहून दिले होते. नाव बदलले ते वाटेत. परंतु आरंभी बोभाटा झाला तो मात्र रुमानियाचाच.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांस त्या मांसाशी काही कर्तव्य नाही. तथापि असल्या लबाडीत आपण मागे होतो असे कोणी समजू नये. मुंबई बंदरातून विलायतेस जाणाऱ्या कापसात पाणी, माती व सरकी मिसळण्याची खोड इतकी जुनी की, तिच्या बंदोबस्तासाठी १८२९ साली सरकारास कायदा करावा लागला. आणि पुढे अमेरिकेतील यादवीमुळे आपल्या कापसास सोन्याचा भाव आला असता १८६३ साली पुन्हा दुसरा करावा लागला. भेसळ करणारे थोडे असतील, पण नाव बद्दू झाले ते सर्वांच्या कापसाचे. अलीकडे हापूसचीही तीच कथा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसास २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरी परप्रांतीच्या आंब्यावर ‘देवगड’ असे लिहिलेली पेटी कोणी पाहिली नाही असे नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. हडपसराहून सोलापूर रस्त्याने निघाले म्हणजे मांजरीस राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र लागते. ते १९९७ साली स्थापन झाले. २००३ साली नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत औषधाचा अंश सापडून माल अडकला, त्यानंतर परदेशी जाणाऱ्या द्राक्षांवर सक्त देखरेख सुरू झाली, आणि २००६ साली अपेडाने ‘ग्रेपनेट’ नावाची नोंदपद्धती घातली. तिची मांडणी महसुली माणसास पाहताक्षणी ओळखीची वाटावी अशी आहे. बागाईतदार आपला प्लॉट कृषी खात्याकडे नोंदवितो; त्यास नंबर मिळतो; त्याच प्लॉटातील घड काढून प्रयोगशाळेत तपासतात; आणि निकाल चांगला आला तरच तेथील माल बाहेर जातो. युरोपातील दुकानात पेटीत काही वावगे निघाले, तर कागद उलट फिरत फिरत थेट त्या बांधापर्यंत येतात.

ही व्यवस्था असूनही २०१० साली मोठा फटका बसलाच. वेलीची फाजील वाढ आवरण्यासाठी वापरावयाच्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश युरोपात द्राक्षांत सापडला; तपासावयाच्या औषधांच्या यादीत आपल्याकडे ते नव्हतेच. भाव कोसळले. ती चूक होती, लबाडी नव्हती. परंतु ज्याचे पैसे बुडाले त्यास दोहोंतील भेद सांगून उपयोग काय?

लबाडीची वाट निराळी, आणि ती याच नंबरातून जाते. माझ्या मेहुण्यांची इंदापूर तालुक्यात दोन एकर द्राक्षबाग आहे. एका साली अवकाळी पावसाने घड गेले, आणि एरवी एकरी आठ-दहा टन देणारी बाग निम्म्यावर आली. नमुना मात्र उत्तम उतरला होता. तेव्हा एक व्यापारी येऊन म्हणाला, “दाजी, तुमच्या नंबरावर अजून जागा आहे. शेजारच्या बागेचा पाच टन माल त्यात घालू. तुम्हांस किलोमागे दोन रुपये बसल्या जागी.” शेजारच्या प्लॉटाची नोंद नव्हती, तपासणी नव्हती. हिशेब सरळ दहा हजार रुपयांचा, आणि सोसायटीचा हप्ता तोंडावर. मेहुण्यांनी मला फोन केला.

मी त्यांस नीतीचा पाठ दिला नाही, कारण तो अधिकार मला नाही. नोकरीच्या उमेदीत पीकपाहणीचे आकडे चावडीवर बसून मागील सालावरून उतरविलेले आहेत हे दिसत असताही मी ते तक्त्यात तसेच घेतले आहेत. जेथे ऊस नव्हता तेथे ऊस माझ्या अक्षरात उभा आहे. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या पिकाची नोंद फोटोसह स्वतः करतो. ती पूर्वीच असती तर माझ्या हातून ते घडते ना. तेव्हा मी त्यांस इतकेच म्हटले, “त्या पाच टनांत औषध निघाले, तर कागद शेजाऱ्याच्या दारी जाणार नाहीत. व्यापारी म्हणेल, माल यांच्या प्लॉटाचा, सही यांची. आणि सही खरीच तुमची असेल.”

मेहुणे दोन दिवस गप्प होते. मग त्यांनी नकार कळविला. व्यापारी त्यांचा स्वतःचा मालही किलोमागे तीन रुपये कमी धरून घेऊन गेला, आणि पुढील साली फिरकला नाही. हप्ता हातउसने घेऊन भरावा लागला.

तेव्हापासून ते एक वही ठेवतात. गाडी निघताना पेट्या किती, वजन किती, गाडीचा नंबर कोणता, हे लिहून नेणाऱ्याची सही घेतात. आणि प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रत व सातबाराचा उतारा त्याच वहीत टाचून ठेवतात. निर्यातीच्या बागा असणाऱ्या सभासदांनी निदान एवढे करावे. विशेषतः हंगाम संपला की, आपल्या नंबरावर एकंदर किती माल बाहेर गेला याचा आकडा निर्यातदाराकडून लेखी मागावा आणि वहीशी ताडून पाहावा. कित्येकांचा नंबर त्यांस न विचारताही वापरला जाण्याचा संभव असतो, आणि दोन एकरांवर तीस टन द्राक्षे निघाली असे कागदावर दिसले, तर त्याचा जबाब प्रथम सातबारावर ज्याचे नाव आहे त्यासच पुसला जाईल.

मेहुण्यांनी गेल्या हंगामाचा आकडा मागितला, तेव्हा नव्या निर्यातदाराच्या कचेरीतील मुलगा म्हणाला, “आजवर कोणी मागितला नव्हता.” दोन आठवड्यांनी तो आला. वहीशी चाळीस पेट्यांचा फरक होता. त्या मेहुण्यांच्याच मोजणीत चुकल्या होत्या.