लहान ट्रॅक्टरास जोडावयाची घरगुती केणी

दुष्काळ निवारणाच्या कार्यास ज्या उदार बंधुभगिनींनीं आजवर हात दिला, त्यांच्यापुढें समितीचा वृत्तांत ठेवतांना धान्य, चारा व पिण्याचें पाणी यांविषयीं लिहावें लागतेंच. परंतु हें साहाय्य ज्या दिवशीं पोंचतें त्याच दिवशीं संपतें. आणि पुढील सालीं पावसानें ओढ दिली कीं तेंच कुटुंब पुन्हां हात पसरण्याच्या दशेस येतें. यास्तव शेतावर पडलेला पाऊस शेतांतच मुरविण्याचें एक अल्पखर्चाचें साधन वाचकांस समजावून द्यावें, व तें सिद्ध करण्यास त्यांचें साहाय्य मागावें, असें आम्हीं योजिलें आहे. हें साधन म्हणजे लहान ट्रॅक्टरामागें जोडावयाची व गांवच्या लोहाराकडून घडवितां येणारी केणी होय.

पाणी जातें कोठें?

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यांतील पुरुषोत्तमनगर हें गांव सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्यामुळें सर्वांस ठाऊक आहे. तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याची रांग असून दक्षिणेस तापी आहे. प्रकाशा व सारंगखेडा येथील बंधाऱ्यांनीं तापीचें पाणी अडविलें आहे. परंतु त्या पाण्यापर्यंत ज्याची वाहिनी पोंचत नाहीं, अशा पायथ्याकडील कोरडवाहू शेतकऱ्यास आकाशाचाच आधार. जोराची सर आली कीं उतारावरचें पाणी नाल्यावाटे गोमाईस व तेथून तापीस मिळतें, आणि जातां जातां शेताची उत्तम माती बरोबर नेतें. पीक गेलेला मजूर मग मुलाबाळांसह गुजराथेंत ऊसतोडीस जातो.

या प्रांतास दुष्काळ नवा नाहीं. संवत १९५६ च्या, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० च्या दुष्काळानें खानदेश होरपळून निघाला होता. तरीही पावसाच्या मोजमापाकडे दुर्लक्षच होतें. एका एकरावर एक इंच पाऊस पडला, तर त्याचें पाणी एक लाख लिटरांहून अधिक भरतें. दुष्काळाच्या वर्षींही असे कित्येक इंच पडतात. फक्त ते थोड्या दिवसांत, धसमुसळेपणानें पडतात. उंचसखल शेतांत तें पाणी एका खोलगट रेषेनें धांवतें, तेथें घळ पाडतें, आणि उंचवटे कोरडेच राहतात. शेताची पातळी नीट केली व योग्य जागीं लहान बांध घातले, तर याच पाण्याचा मोठा हिस्सा मुळांखालीं मुरतो.

हें ज्ञान आपल्याकडे जुनेंच आहे. सोलापूर येथें १९३३ सालीं कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले. १९४२ सालीं मुंबई इलाख्यांत जमीन सुधारणा योजनांचा कायदा होऊन बांधबंदिस्तीस सरकारी पाठबळ मिळालें. अडचण ज्ञानाची नसून, पावसापूर्वींच्या थोड्या आठवड्यांत एवढी माती हालवावी कशी, ही आहे.

जुनी केणी व नवी

आपला शेतकरी हें काम केणीनें करीत आला. रुंद फळीच्या खालच्या कडेस लोखंडी पट्टी व मागें धरावयास दांडा, असें तें साधें अवजार. बैल ओढतात, माणूस दांडा दाबून धरतो, उंचवट्यावरची माती फळीपुढें सांठते; खोलगट जागा आली कीं दांडा उचलावा, माती आपोआप पडते. परंतु दुष्काळांत बैल छावणींत असतात, किंवा चाऱ्याअभावीं विकले गेलेले असतात. उरलेल्यांच्या अंगीं केणी ओढण्याचें बळ नसतें. ज्या वर्षीं या कामाची सर्वांत निकड, त्याच वर्षीं तें करणारे पाय उभे नसतात. म्हणून गांवांत जे पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचे लहान ट्रॅक्टर आहेत, त्यांस केणी जोडावी, हा सरळ उपाय होय.

ट्रॅक्टराच्या मागें तीन दांडे असतात : खालीं दोन व वर एक. ही त्रिबिंदु जोडणी हॅरी फर्ग्युसन यांनीं सिद्ध केली व १९३९ सालीं फोर्ड कंपनीच्या ट्रॅक्टराबरोबर ती जगभर पसरली. तिचा गुण असा कीं अवजार नुसतें दोरानें ओढल्यासारखें मागें येत नाहीं. त्याचा भार व मातीचा ओढा मागील चाकांवर येऊन तीं जमिनीस घट्ट धरून राहतात. हलका ट्रॅक्टर जड काम करूं शकतो तो यामुळें.

बांधणी

केणीचे भाग चार : पाठीचा पत्रा, दोन बाजू, तळाचें पातें व जोडणीची चौकट. प्रथम मागील चाकांची बाहेरून बाहेरपर्यंत रुंदी मोजावी, व पातें त्याहून चार-सहा इंच अधिक लांब धरावें, म्हणजे चाकांचे ठसे त्याखालीं पुसले जातील. बहुतेक लहान ट्रॅक्टरांस साडेचार फूट लांबी पुरते. पाठ सव्वा फूट उंच व सहा मिलिमीटर जाड असावी. बाजू दीड फूट लांब व आठ मिलिमीटर जाड असाव्या. बाजूंच्या पुढच्या खालच्या कडा किंचित् वर वळत्या कापाव्या, म्हणजे त्या जमिनींत रुतणार नाहींत. अशी केणी सुमारें शंभर किलो भरते. तिची पेटी साडेआठ घनफुटांची होते. चालू कामांत ती निम्मी भरते असें धरलें, तरी एका खेपेस चार घनफूट, म्हणजे सुमारें दीडशे किलो माती सरकते. एका घमेल्यांत पंधरा किलो धरल्यास हीं दहा घमेलीं झालीं.

पातें हा केणीचा प्राण होय. त्यासाठीं मालमोटारीच्या जुन्या कमानीचा पाटा उत्तम. लोहारानें तो भट्टींत लाल करून सरळ करावा व राखेंत हळूहळू निवूं द्यावा. असें केल्यानें तो छिद्रें पाडण्याइतका मऊ होतो. हें पोलाद साध्या पत्र्यास वेल्डिंगनें जोडूं नये, कारण सांध्याजवळ तें ठिसूळ होऊन दगड लागतांच तुटतें. पाठीच्या तळास जाड अँगल वेल्डिंगनें जोडावा व पातें त्या अँगलास नटबोल्टांनीं कसावें. झिजलें कीं वखराची पास बदलावी तसें तें बदलतां येतें. बोल्टांचीं डोकीं पात्यांत बुडालेलीं असावीं.

जोडणीची चौकट चॅनेलची करावी. खालच्या खुंट्या सामान्यतः २२ मिलिमीटर व वरची १९ मिलिमीटर जाडीची असते. खालच्या खुंट्यांपासून वरच्या छिद्राची उंची सुमारें १८ इंच असते. परंतु लहान ट्रॅक्टरांत खालच्या दोन दांड्यांमधील अंतर एकसारखें नसतें. यासाठीं ज्या ट्रॅक्टरास केणी लावावयाची तोच दाराशीं उभा करून मापें घ्यावीं. उभ्या मनोऱ्याच्या माथ्यापासून पाठीच्या दोन्ही कोपऱ्यांस तिरके आधार द्यावे. मातीचा सारा दाब पाठीवर येतो, व आधार नसेल तर पत्रा मधोमध पोटास येतो. जमीन उकरण्याचे दात यांत बसवूं नयेत. त्यांनीं ओढ वाढते व लहान ट्रॅक्टर अडतो. कठीण जमीन आधीं वखरानें वा कल्टिव्हेटरानें तीन-चार इंच मोकळी करून घ्यावी हें बरें.

वापरण्याची रीत

माती हालविण्यापूर्वीं पाणी ओळखावें, हा पहिला नियम. पारदर्शक नळींत पाणी भरून तिचीं टोकें खुणांच्या दोन काठ्यांस बांधलीं, कीं दोन माणसांस शेताचा उतार इंचाइंचानें मोजतां येतो. नळींत बुडबुडा राहूं देऊं नये. एकाच पातळीच्या जागा फक्कीनें जोडल्या म्हणजे समपातळीची रेषा मिळते, व बांध कोठें घालावयाचा तें दिसतें.

हलक्या मुरमाड जमिनींत बांध समपातळीचा घालावा. खोल काळ्या जमिनींत तसें करूं नये. तेथें पाणी लौकर मुरत नाहीं, तुंबून पीक कुजवितें व बांध फोडतें. अशा जमिनीस ढाळीचा बांध द्यावा : शंभर फुटांस दोन ते अडीच इंच उतार, आणि शेवटीं दगडांनीं बांधलेला सांडवा. ट्रॅक्टराच्या उजव्या दांड्याचा फिरकीचा हात फिरविला, कीं केणीचें एक टोंक खालीं जातें. बांधालगतचा ढाळीचा चर याच युक्तीनें निघतो. वरचा दांडा, ज्यास चालक टॉप लिंक म्हणतात, तो लहान-मोठा करून पात्याचा कोन बदलावा. अर्धाच फेरा फिरवून एक चाल घेऊन पाहावें.

शेताची वरची सहा इंच माती हीच शेतकऱ्याची ठेव. उंचवटा खोल कापावयाचा असेल, तर ही माती आधीं ओढून एका कडेस रचावी, खालची माती खोलगटांत न्यावी व शेवटीं वरची माती पुन्हां पसरावी. हा क्रम मोडला तर शेत सपाट होतें पण कित्येक हंगाम नापीक राहतें. एका चालींत एक इंचाहून अधिक कापूं नये. बांधासाठीं माती वरच्या अंगाची, पायथ्यापासून दीड फूट जागा सोडून घ्यावी. सहा सहा इंचांचे थर घालून धुमसानें ठोकावे, व माती बसते म्हणून उंची चौथ्या हिश्श्यानें अधिक ठेवावी. बांधावर मारवेल वा पवना गवत लावलें, म्हणजे बांध टिकतो व गुरांस वैरण मिळते.

तळ तीन फूट, माथा एक फूट व उंची एक फूट असा बांध शंभर फूट लांब घालण्यास दोनशे घनफूट माती, म्हणजे केणीच्या पन्नास खेपा लागतात. मोठ्या बांधांचा हव्यास या अवजारानें धरूं नये. लहान बांध अनेक घालणेंच श्रेयस्कर.

सावधगिरीच्या चार गोष्टी चालकानें विसरूं नयेत. केणीवर कोणास उभें करूं नये. बांधाच्या कडेनें आडवा ट्रॅक्टर चालवूं नये, तो कलंडतो. ओढण्याची सांखळी खालच्या दांड्यांहून उंच बांधूं नये, नाहींतर पुढचीं चाकें उचलून ट्रॅक्टर चालकावर उलटतो. आणि उचललेल्या केणीखालीं लांकडाचा ठोकळा दिल्याखेरीज पात्यास हात लावूं नये.

यंत्र आणि मजूर

येथें एक न्याय्य शंका निघेल. दुष्काळांत लोकांच्या हातांस काम हवें. तेथें यंत्र आणून मजुरी हिरावून घेणें कितपत योग्य? १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत लक्षावधि लोक खडी फोडून व पाझर तलावांवर राबून जगले, त्यांतूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी पुढें आली, तिचा कायदा १९७७ सालीं संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलांत आला. काम मागणाऱ्यास काम देणें हें त्या परंपरेचें सार असून समितीस तें शिरोधार्य आहे.

म्हणून कामाची वांटणी अशी ठेवावी असें आम्हीं ठरविलें आहे. केणीनें केवळ माती ओढण्याचें, म्हणजे पूर्वीं बैलांनीं केलेलें काम करावें. रेषा आंखणें, थर ठोकणें, सांडव्याचे दगड रचणें, बांध घडविणें व गवत लावणें हें सर्व मजुरीनें, हातांनींच व्हावें. डोंगरउतारावर तर ट्रॅक्टर नेऊंच नये. तेथें हातांनीं खोदलेले समतल चरच योग्य. आणि प्रथम हक्क विधवा, वृद्ध व ज्यांच्या घरीं ट्रॅक्टर नाहीं अशा अल्पभूधारकांच्या शेतांचा राहील; कारण श्रीमंताचें शेत केणीवांचून अडून राहत नाहीं.

विनंती

समिती या कामीं केवळ पैशाची याचना करीत नाहीं. ज्यांच्या आवारांत जुने पत्रे, चॅनेल, अँगल वा मोटारीच्या कमानी पडून आहेत, त्यांनीं त्या द्याव्या. लोहार व वेल्डिंगचे कारागीर यांनीं आपले दोन दिवस द्यावे. ज्यांच्याकडे लहान ट्रॅक्टर आहे त्यांनीं तो स्वतःचें काम आटोपल्यावर कांहीं दिवस चालकासह द्यावा. ज्यांस हें शक्य नाहीं त्यांनीं त्या दिवसांच्या डिझेलचा अथवा मजुरीचा भार उचलावा. एका गांवास एक केणी पुरते, व एका गांवाचें काम झालें कीं तीच दुसऱ्या गांवीं जाते.

मृगापूर्वीं बांध पुरे झाले पाहिजेत. अर्धवट बांध पहिल्याच सरीनें वाहून जातो व मातीचें नुकसान पूर्वींहून अधिक होतें. यासाठीं जें द्यावयाचें तें लौकर द्यावें, एवढीच आमची सर्व सहृदय वाचकांस नम्र प्रार्थना आहे.