स्मृतीबाहेर ठेवलेलीं पानें आणि त्यांचा हिशेब

जुन्या कचेरींत कागद दोन ठिकाणीं असत. ज्या प्रकरणाचें काम चालू असे त्याचे कागद कारकुनाच्या मेजावर, आणि बाकीचे रुमालांत बांधून फडताळांत. मेज लहान, पण हात पोंचेल इतकें जवळ. फडताळ ऐसपैस, पण उठून जावें लागेल इतकें दूर. ही नेआण सुरळीत चालावी म्हणून शहाणा दफ्तरदार एक नियम कटाक्षानें पाळी. मेजावरून कागद उचलला कीं तो कोणत्या फडताळांत व कितव्या रुमालांत गेला याची चिठी त्याच्या जागीं ठेवावयाची. कागद दूर गेला तरी चालेल, चिठी हरवतां कामा नये.

संगणकाच्या पोटांत हाच व्यवहार चाललेला असतो. तेथील मेज म्हणजे रॅम ही जलद स्मृति, आणि फडताळ म्हणजे हार्ड डिस्क किंवा एस.एस.डी. दफ्तरदाराचें काम करते ती ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राचा सारा कारभार पाहणारी प्रणाली. स्मृतींतील मजकूर तात्पुरता बाहेर नेऊन ठेवण्यास 'स्वॅप', म्हणजे अदलाबदल, असें म्हणतात. बाहेर गेलेल्या मजकुराची नोंद प्रणाली कशी ठेवते, आणि विचारणाऱ्यास जो हिशेब सांगते त्याचा अर्थ कसा लावावा, हें जाणणें केवळ तज्ज्ञांच्या उपयोगाचें नाहीं. बँकांचे व्यवहार, रुग्णालयांच्या नोंदी, रेल्वेचें आरक्षण यांचा भार वाहणारीं यंत्रें ज्यांच्या हातीं असतात त्यांना असे हिशेब पाहून निर्णय घ्यावे लागतात. हिशेब खरा असूनहि त्याचा अर्थ चुकीचा लावला, तर चालतें काम बंद पडूं शकतें.

ही कल्पना आजची नव्हे. इंग्लंडांतील मँचेस्टर विद्यापीठांत टॉम किलबर्न व त्यांचे सहकारी यांनीं फेरँटी कंपनीच्या जोडीनें बांधलेला 'ॲटलास' हा संगणक डिसेंबर १९६२ मध्यें रीतसर सुरू झाला. त्याच्या जलद स्मृतींत १६,३८४ शब्द मावत, आणि फिरत्या चुंबकी पिंपावर ९८,३०४. सगळा मजकूर ५१२ शब्दांच्या सारख्या तुकड्यांत विभागलेला असे. त्या तुकड्यास 'पान' हें नांव पडलें. म्हणजे मेजावर ३२ पानें आणि फडताळांत १९२. कोणतें पान कोठें आहे हें यंत्र स्वतःच लक्षांत ठेवी. प्रोग्रॅम लिहिणारास जणूं एकच विस्तीर्ण स्मृति आपल्यापुढें आहे असें वाटे.

आजची उघड्यावर पाहतां येण्याजोगी प्रणाली म्हणजे लिनक्स. १९९१ सालीं फिनलंडमध्यें लायनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें तिचा आरंभ केला, आणि तिचा मूळ मजकूर कोणासहि वाचतां येतो. अँड्रॉइड फोनांचा गाभाहि तीच आहे. म्हणून उदाहरण तिचेंच घेणें सोयीचें.

प्रचारांतील बहुतेक संगणकांवर लिनक्सचें एक पान ४,०९६ बाइटांचें असतें. ८ गिगाबाइट स्मृतीच्या यंत्रांत अशीं २०,९७,१५२ पानें मावतात. प्रत्येक चालू प्रोग्रॅमसाठीं प्रणाली पानांचा एक तक्ता ठेविते, आणि त्यांत दर पानास एक ओळ असते. ही ओळ ६४ बिटांची, म्हणजे शून्य किंवा एक अशा ६४ खुणांची. त्यांतील एक खूण उपस्थितीची. ती 'एक' असेल तर पान रॅममध्यें हजर आहे, आणि तें नेमकें कोठें हें त्याच ओळींतील बाकीच्या खुणा सांगतात. ती 'शून्य' असेल तर प्रोसेसर बाकीच्या खुणांकडे पाहतच नाहीं. या मोकळ्या राहिलेल्या जागेचा लिनक्स मोठ्या युक्तीनें उपयोग करते. पान बाहेर नेलें कीं स्वॅपच्या कोणत्या क्षेत्रांत व कितव्या जागीं ठेवलें, हें तेथेंच लिहून टाकते. पान गेलें आणि त्याच्या जागीं चिठी राहिली! हजेरीपटांत गैरहजर मुलाच्या नांवापुढें तो कोणत्या गांवीं गेला हें लिहून ठेवावें, तसाच हा प्रकार.

मात्र रॅममधून काढलेलें प्रत्येक पान स्वॅपमध्यें जातें असें नाहीं. प्रोग्रॅमचा स्वतःचा मजकूर मुळांत डिस्कवरील फाइलींत असतोच. त्याचें पान सरळ टाकून देतां येतें व लागेल तेव्हां फाइलींतून पुन्हां वाचतां येतें. स्वॅपची गरज मुख्यतः ज्या पानांची दुसरी प्रत कोठेंच नसते अशांना, म्हणजे काम चालतांना निर्माण झालेल्या मजकुरास लागते.

बाहेर गेलेलें पान प्रोग्रॅमनें मागितलें म्हणजे काय होतें? प्रोसेसरला उपस्थितीची खूण शून्य आढळते. तो प्रोग्रॅमला तेथेंच थांबवितो व प्रणालीस हांक मारतो. यास 'पेज फॉल्ट' म्हणतात. नांवांत दोष असला तरी व्यवहारांत दोष कांहींच नाहीं. प्रणाली चिठी वाचते, पान आणविते, ओळ दुरुस्त करते आणि प्रोग्रॅमला जेथें थांबला तेथूनच पुढें चालू देते. प्रोग्रॅमला यांतलें कांहीं कळत नाहीं. वेळ मात्र जातो. रॅममधून मजकूर मिळण्यास १ मिनिट लागतें असें धरलें, तर त्याच प्रमाणांत एस.एस.डी.वरून तो येण्यास सुमारें १६-१७ तास, आणि फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरून सुमारें ७० दिवस लागतील!

चिठ्यांखेरीज प्रणाली दुसरीहि एक नोंद ठेविते. स्वॅपमधील प्रत्येक जागेवर किती चिठ्यांचा हक्क आहे, याची ती संख्या. शेवटची चिठी नाहींशी झाल्याखेरीज ती जागा दुसऱ्यास देतां येत नाहीं. शिवाय पान रॅममध्यें परत आणलें तरी बाहेरील प्रत लगेच पुसली जातेच असें नाहीं. पानांत फेरफार झाला नाहीं आणि पुन्हां तें बाहेर घालवावें लागलें, तर लिहिण्याचे श्रम वांचतात. अशा दोन्हीकडे असलेल्या पानांचा आंकडा 'स्वॅपकॅश्ड' या नांवानें निराळा दाखविला जातो.

आतां प्रणाली सांगते त्या हिशेबाकडे वळूं. एकूण स्वॅप किती व मोकळी किती, हे दोन आंकडे ती देते. त्यांची वजाबाकी म्हणजे वापरलेली स्वॅप. तींत वर सांगितलेलीं दोन्हीकडचीं पानेंहि आलींच. प्रत्येक प्रोग्रॅमचीं किती पानें बाहेर आहेत, हें 'व्हीएमस्वॅप' या ओळींत मिळतें. याहून बारकाईनें पाहावयाचें असल्यास 'पेजमॅप' नांवाच्या नोंदींत पानागणिक उत्तर आहे. तेथें दर पानास ६४ बिट दिलेले असून शून्यापासून मोजतां ६३ वा बिट 'हजर' आणि ६२ वा 'बाहेर गेलेलें' असें सांगतो.

येथें पहिली अडचण उभी राहते. सर्व प्रोग्रॅमांच्या आंकड्यांची बेरीज केली तर ती वापरलेल्या स्वॅपशीं जुळेलच असें नाहीं. समजा, एका प्रोग्रॅमचीं १०० पानें बाहेर आहेत, आणि त्यानें आपल्यासारखींच चार अपत्यें निर्माण केलीं. अपत्यांना तक्त्याची नक्कल मिळते व नकलेबरोबर चिठ्याहि मिळतात. पांचांच्या नांवापुढें प्रत्येकीं १०० म्हणजे बेरीज ५०० झाली, पण फडताळांत जागा अडली ती १०० पानांचीच. उलट, अनेक प्रोग्रॅमांनीं मिळून वापरावयाच्या सामायिक स्मृतीचीं पानें बाहेर गेलीं, तर तीं 'व्हीएमस्वॅप'मध्यें धरलींच जात नाहींत. म्हणजे बेरीज कधीं जास्त भरते, कधीं कमी. यांत लबाडी नाहीं. 'या प्रोग्रॅमकडे चिठ्या किती?' आणि 'फडताळांत जागा किती अडली?' हे दोन भिन्न प्रश्न आहेत. पहिल्या प्रकारचा घोटाळा टाळण्यासाठीं 'स्वॅपपीएसएस' हा आंकडा आहे. तो सामायिक पानाचा भार हक्कदारांत वांटून देतो, आणि वरील उदाहरणांत प्रत्येकाच्या वांट्यास २० पानें येतात.

फोनांमध्यें आणखी एक तऱ्हा दिसते. तेथें पुष्कळदां पान बाहेर न नेतां दाबून बारीक केलें जातें व रॅममध्येंच ठेवलें जातें; या सोयीस 'झेडरॅम' म्हणतात. वापरलेल्या स्वॅपच्या आंकड्यांत अशा पानाचें मूळ माप धरलें जातें, दाबल्यानंतरचें नव्हे. प्रत्यक्ष जागा किती लागली हें निराळ्या नोंदींत पाहावें लागतें.

दुसरी अडचण अधिक महत्त्वाची, कारण नुकसान होतें तें तिच्यामुळें. वापरलेली स्वॅप मोठी दिसली कीं पाहणारा घाबरतो. पण तो आंकडा 'आज बाहेर काय आहे' एवढेंच सांगतो. 'आज त्रास होत आहे' असें सांगत नाहीं. रात्रीं एखादें मोठें काम चाललें व त्यानें इतरांचीं निजलेलीं पानें बाहेर लोटलीं. पहाटे काम संपलें, रॅम मोकळी झाली. तरीहि तीं पानें आपण होऊन परत येत नाहींत. कोणी मागेल तेव्हांच येतात. वर्षांतून एकदां लागणारी वही फडताळांत पडून राहिली, तर कचेरीचें काय बिघडलें?

बिघडतें तें नेआण सतत चालू झाली म्हणजे. आतां ठेवलेलें पान पुढच्या क्षणीं परत मागावें, त्यासाठीं दुसरें हलवावें, आणि तेंहि लगेच हवें व्हावें, अशी धांदल उडाली कीं काम थांबतें व हमाली तेवढी उरते. या अवस्थेस इंग्रजींत 'थ्रॅशिंग' म्हणतात. अमेरिकन शास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनीं १९६८ सालीं तिचीं कारणें उलगडून दाखविलीं. ती ओळखण्यासाठीं किती पानें आंत आलीं व किती बाहेर गेलीं यांचे दोन आंकडे पाहावयाचे असतात. ते यंत्र सुरू झाल्यापासूनचे असल्यामुळें विजेच्या मीटरप्रमाणें दोनदां वाचून फरक काढावा लागतो. २०१८ च्या अखेरीस लिनक्सच्या ४.२० या आवृत्तींत याहून सरळ उत्तर देण्याची सोय झाली: स्मृतीच्या टंचाईमुळें प्रोग्रॅमांचा वेळेचा किती हिस्सा वाट पाहण्यांत गेला, हें गेल्या १०, ६० व ३०० सेकंदांच्या सरासरीनें कळूं लागलें.

हा भेद न जाणतां केवळ आंकडा शून्य दिसावा म्हणून स्वॅप बंद केली, तर काय होतें? निजलेल्या पानांना जावयास जागा उरत नाहीं. रॅम भरली कीं प्रणाली प्रोग्रॅमांच्या मजकुराचींच पानें टाकते आणि पुन्हां वाचते. म्हणजे धांदल दुसऱ्या दारानें आंत येते. तेंहि पुरेनासें झालें, तर शेवटचा उपाय म्हणून एखाद्या प्रोग्रॅमचा बळी द्यावा लागतो. बळी कोणाचा, हें ठरविण्यासाठीं प्रणाली आपलेंच दफ्तर उघडते. स्वॅप चालू असलेल्या यंत्रावर ही पाळी आली, तर कोणाचीं किती पानें रॅममध्यें आहेत याबरोबर बाहेर किती आहेत हेंहि ती मोजते, आणि सामान्यतः ज्याचा भार सर्वांत मोठा तो मारला जातो. रुग्णालयाच्या यंत्रावर तो प्रोग्रॅम नोंदींचा मुख्य भांडारच असण्याचा संभव अधिक. हिशेबांतील एक ओळ अशा वेळीं कागदावरची राहत नाहीं.

म्हणून स्वॅपचा आंकडा समोर आला असतां तीन गोष्टी क्रमानें विचाराव्या. हा आंकडा चिठ्यांचा आहे कीं जागेचा? ही शिल्लक आहे कीं नेआण? आणि या नेआणींत काम करणारांचा वेळ किती वायां जात आहे? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावांचून मोठ्या आंकड्यास भिऊं नये. तिसऱ्याचें उत्तर वाईट आलें, तर लहान आंकड्यावरहि विसंबूं नये.