बी.एस्सी. झाल्यावर नर्सिंग : कमी भांडवलाचा रस्ता कोणता?

आम्ही कापडाचे व्यापारी. शिक्षण उर्दू माध्यमात, तेही मॅट्रिकपर्यंत. कॉलेजच्या गोष्टी सांगण्याचा आमचा अधिकार नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण दोन वर्षांपूर्वी याच बाबतीत आम्ही एका घराला चुकीचा सल्ला दिला आणि त्यांचे पैसे बुडाले. त्यानंतर आम्ही दहा ठिकाणी फिरून जी माहिती गोळा केली ती येथे देत आहोत. आपल्या मोहल्ल्यांत बी.एस्सी. होऊन घरी बसलेल्या मुली आणि मुलेही आता पुष्कळ आहेत.

मालेगावचे एक कारखानदार वीस वर्षांपासून आमच्या पेढीला माल देतात. पूर्वी बारा माग होते, आता आठ चालतात. त्यांची मोठी मुलगी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. वर्षभर तिने एका खासगी प्रयोगशाळेत काम केले. रिक्षाभाडे वजा जाता हातात फारसे उरत नसे. मग तिने नर्स व्हायचे मनावर घेतले. वडील आमच्याकडे आले. म्हणाले, "सेठ, तुम्ही चार गावे फिरता, तुम्हीच रस्ता सांगा."

आमच्या ओळखीतून एका खासगी संस्थेचा माणूस भेटला. तो म्हणाला, मुलगी बी.एस्सी. आहे ना, मग चार वर्षे कशाला? 'पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग' दोन वर्षांत होते. आम्हाला ते पटले. बी.एस्सी.च्या पुढचे नर्सिंग, असाच अर्थ आम्ही लावला. विसार म्हणून तीस हजार रुपये दिले, पावती साध्या कागदावर. सुताच्या एका गाठीसाठीसुद्धा आम्ही अशी पावती घेतली नसती.

नंतर कळले ते असे. पोस्ट बेसिक बी.एस्सी. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचाच आहे, पण तो जी.एन.एम. डिप्लोमा करून कौन्सिलकडे नोंदणी झालेल्या नर्सेससाठी आहे. रसायनशास्त्राच्या, प्राणिशास्त्राच्या किंवा वनस्पतिशास्त्राच्या पदवीवर त्यात प्रवेश नाही. अमेरिकेसारख्या देशांत दुसऱ्या विषयाच्या पदवीधरांना वर्ष-दीड वर्षात नर्सिंगची पदवी देणारे अभ्यासक्रम आहेत. आपल्याकडे तशी सोय नाही. बी.एस्सी. असो की एम.एस्सी., नर्सिंगमध्ये यायचे तर बारावीच्या गुणपत्रिकेवरच यावे लागते. पदवीमुळे एक वर्षही कमी होत नाही.

ही गोष्ट ऐकून मुलगी दोन दिवस जेवली नाही, असे तिच्या वडिलांनी सांगितले. आम्हाला त्यांच्या दारात जायची लाज वाटत होती.

पदवीधराला खरे रस्ते दोनच. एक, बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षे. त्यासाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत, आणि खुल्या वर्गाला विज्ञान विषयांत ४५ टक्के. प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाच्या परीक्षेतून आणि केंद्रीभूत प्रक्रियेतून होतो. दुसरा, जी.एन.एम., तीन वर्षांचा डिप्लोमा. त्याला बारावी कोणत्याही शाखेची चालते. इंग्रजी विषय आणि ४० टक्के गुण लागतात. वयाची मर्यादा १७ ते ३५, म्हणजे बावीस-तेवीसच्या पदवीधराला उशीर झालेला नसतो. ए.एन.एम. म्हणून दोन वर्षांचा तिसरा अभ्यासक्रमही आहे, पण तो मुख्यतः गावातील आरोग्य उपकेंद्राच्या कामासाठी आहे. पदवीधर मुलीने थोड्या पैशांसाठी त्यात अडकू नये असे आमचे मत आहे.

आता या मुलीची अडचण पाहा. बारावीला तिने जीवशास्त्र सोडून गणित घेतले होते. त्यामुळे बी.एस्सी. नर्सिंगचे दार बंद. म्हणून कोणत्याही वडिलांनी फीचा विचार करण्याआधी बारावीची गुणपत्रिका काढून बघावी. आम्ही ती शेवटी बघितली.

खर्चाचा हिशोब आपण व्यापाऱ्याच्या रीतीने करू. फी हा एक खर्च. दुसरा खर्च वहीत दिसत नाही, तो म्हणजे जितकी वर्षे शिकण्यात जातात तितक्या वर्षांची बुडालेली कमाई. जी.एन.एम. केलेली मुलगी बी.एस्सी. नर्सिंगवालीपेक्षा एक वर्ष आधी कमावती होते. पुढे स्वतःच्या पगारातून ती पोस्ट बेसिक करू शकते. एकूण वर्षे पाच होतात, पण शेवटच्या दोन वर्षांचा भार बापावर पडत नाही. ज्या घरात भांडवल कमी आहे आणि मागे लहान भावंडे आहेत, त्या घराला हा रस्ता सोसतो. सरकारी नर्सिंग स्कूलमध्ये जागा मिळाली तर फी खासगीच्या मानाने फारच थोडी असते. खासगी जी.एन.एम. मात्र सरकारी बी.एस्सी. नर्सिंगपेक्षाही महाग पडू शकते, हे विसरू नये.

ज्यांच्या गुणपत्रिकेत जीवशास्त्र आहे त्यांचा हिशोब वेगळा. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने ओबीसी, एस.ई.बी.सी. आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ करण्याचा निर्णय काढला. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असावे, आणि जागा केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेली असावी. मॅनेजमेंट कोट्याला ही माफी नाही. आपल्यात किती कारागीर बिरादऱ्या ओबीसीत आहेत, पण जातीचा आणि नॉन क्रिमीलेअरचा दाखला मुलीच्या हाती नसतो! बाप म्हणतो, गरज पडेल तेव्हा काढू. गरज पडते तेव्हा तहसील कचेरीत रांग असते आणि प्रवेशाची तारीख निघून जाते. अशा मुलीने सीईटी देऊन बी.एस्सी. नर्सिंगच धरावे.

नोकरीच्या बाजारातही फरक आहे. एम्ससारख्या केंद्रीय रुग्णालयांच्या नर्सिंग ऑफिसर भरतीला बी.एस्सी. नर्सिंगवाले थेट बसतात. जी.एन.एम.वाल्याला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. आखाताची स्वप्ने पाहणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की सौदी, कुवेतसारख्या अठरा देशांसाठी नर्सेसची भरती २०१५ पासून सरकारमान्य संस्थांमार्फतच करण्याचा नियम आहे. लाखभर रुपये मागणाऱ्या दलालाला दारात उभे करू नये.

संस्था पारखताना आपण सुताचा नंबर पाहतो तसे पाहावे. भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, दोन्हींच्या यादीत त्या वर्षासाठी नाव आहे का? मुली ज्या रुग्णालयात शिकतात तेथे खाटा किती, आणि त्यांवर रुग्ण किती? आम्ही एक ठिकाण असे पाहिले की खाटा होत्या, गाद्यांवरचे प्लास्टिकही निघाले नव्हते. वर्षभराचे 'नर्सिंग असिस्टंट' प्रमाणपत्र देणारी दुकाने वेगळीच. त्या कागदावर कौन्सिलची नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय नर्स म्हणून नोकरी नाही.

रात्रपाळीचा प्रश्न आमच्या कारखानदाराच्या घरीही निघाला. मुलीची दादी अडून बसली होती. बापाने म्हटले, आपल्या कारखान्यात रात्रपाळीला कोणाची तरी मुलेच उभी असतात. दादीने मग वसतिगृह स्वतः पाहायचे ठरवले. बाईंशी तासभर बोलली, स्वयंपाकघर पाहिले, आणि परत येताना गाडीत फक्त एवढेच म्हणाली की डाळ पातळ आहे.

मुलगी आता सरकारी स्कूलमध्ये जी.एन.एम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. रसायनशास्त्राचा उपयोग होतो म्हणते, औषधांच्या मात्रेचे गणित वर्गात तिलाच आधी येते. विसाराचे तीस हजार मागायला आम्ही चार खेपा केल्या, एक पैसा परत आला नाही. दिवाळीच्या हिशोबात आम्ही ती रक्कम कारखानदाराच्या खात्यात जमा केली. ते नको म्हणत होते.