डॅशबोर्डवरचा तो बाण

हट्ट्याहून वसमतच्या बाजाराला हळद नेणाऱ्या भावांनो, आणि नवी कार घेतलेल्यांनो, स्पीडोमीटरजवळ एक छोटा बाण लागतो, बघितलाय का? बऱ्याच जणांना वाटतं, गाडीत काही बिघाड झाला. तसं काही नसतं. बाण वर असेल तर वरचा गिअर टाका, खाली असेल तर एक गिअर उतरवा, एवढंच गाडी सांगते.

इंजिनाचं कंट्रोल युनिट आरपीएम (म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे), वेग आणि ॲक्सिलरेटर किती दाबलाय हे सतत पाहत असतं. तोच वेग वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर सहज राखता येणार असेल, तर वरचा बाण लागतो. कारण इंधन तिथेच वाचतं. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून नव्या मॅन्युअल कारला हा बाण सक्तीचा झाला.

पण बाणाला पुढचा रस्ता दिसत नाही! समोर चढ आहे, उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करायचंय, हे त्याला आधी कळत नाही. मागे पोती भरलेली असताना वरचा गिअर टाकला आणि इंजिन गुरगुरायला लागलं, स्टिअरिंग थरथरलं, तर लगेच खालचा गिअर टाका. गाडी तशीच रेटली तर इंजिन, क्लच दोन्हींवर ताण येतो.

रेसच्या गाडीतला शिफ्ट लाइट वेगळा बरं का. तो आरपीएम कमाल मर्यादेजवळ पोचल्यावर पेटतो, म्हणजे तिथे हिशोब ताकदीचा. आपल्याकडचा बाण मायलेजसाठी आहे.