माप कोण घेतं?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नसरवानजी मेरवानजी पटेल हे मुंबईचे पारशी गृहस्थ सिंगर कंपनीची शिलाई मशीन हिंदुस्थानभर विकायच्या उद्योगात होते. कंपनीजवळ हप्त्याने विकण्याची युक्ती होती, दुकानांचं जाळं होतं. अडचण गिऱ्हाइकाच्या अंगावरच्या वस्त्राची होती. धोतर, उपरणं, पंचा, नऊवारी यांतल्या कशालाच सुई लागत नाही. जे थोडं शिवायचं ते शिंपी शिवे, चोळी घरात हातानं शिवली जाई. इतिहासकार डेव्हिड आर्नल्ड यांनी या व्यापाराचा जो मागोवा घेतला आहे त्यातून दिसतं की, युरोप-अमेरिकेत जे यंत्र गृहिणीचं म्हणून खपलं ते आपल्याकडे आधी शिंप्याच्या ओट्यावर गेलं. घरात यायला त्याला पुढची काही दशकं लागली. सेवासदनासारख्या संस्थांचे शिवणवर्ग, कोलकात्यात तयार होऊ लागलेलं ‘उषा’, मुलीच्या लग्नात दिलेलं पायमशीन हा पुढचा भाग मराठी वाचकाला सांगायला नको.

आज लग्नसराईत नऊवारी शिवून मिळते. कासोटा, निऱ्या, पदर सगळं जागच्या जागी टिपून दिलेलं असतं, पायजम्यासारखी चढवली की झालं. ज्या वस्त्रानं पटेलांच्या धंद्याची वाट अडवली, तेच आता मशीनखाली आलं आहे. म्हणून ‘घरचं शिवण संपलं’ हे विधान मला मान्य नाही. संपलं ते घरच्यांसाठीचं शिवण. परकर-पोलकी, झबली, शाळेचे फ्रॉक, पायजमे, उशांचे अभ्रे हे सारं तयार कपड्यानं नेलं, आणि त्यात नवल नाही, कारण कापड आणून शिवण्यापेक्षा तयार कपडा स्वस्त पडू लागला. घरातलं मशीन मात्र गेलं नाही. ते शेजारणीचे कपडे शिवू लागलं. फॉल-पिको, ड्रेसची उंची कमी करणं, चेन बदलणं आणि मुख्य म्हणजे ब्लाउज, यावर गल्लीगल्लीतल्या बायकांचं शिवण उभं आहे.

ब्लाउजच का टिकला, याचं उत्तर त्याच्या बेतण्यात आहे. साडी कुणालाही होते, ब्लाउज एकीचा दुसरीला होत नाही. आपल्याकडच्या शिवणवर्गांत बेतणं शिकवतात ते छातीच्या मापावरून. मुंढा, गळा, खांदा हे त्या मापाचे ठरावीक भाग धरून कागदावर आखायचे. के. आर. झारापकर यांच्या कटिंगच्या पुस्तकावर शिवणाऱ्यांच्या पिढ्या तयार झाल्या. पण छत्तीस छातीच्या दोन बायकांचे खांदे सारखे नसतात. एकीचा उतरता असतो, दुसरीची पाठ रुंद असते, तिसरीचा दंड भरलेला असतो. सूत्र छातीपर्यंत नेतं, तिथून पुढे टेप आणि नजर. टक्स कुठे संपवायचा, कटोरीला किती झोल ठेवायचा, मुंढा अर्धा सूत खोल घ्यायचा की नाही, हा निर्णय समोरच्या अंगाकडे बघून होतो. शिवाय आत माया ठेवलेली असते. बाळंतपणानंतर, वय वाढल्यावर तोच ब्लाउज उसवून सैल करता येतो. कारखान्यातल्या कपड्यात ओव्हरलॉकच्या आत जेमतेम बोटाच्या पेरापेक्षाही कमी कापड उरतं. तो कपडा अंगाबरोबर वाढत नाही, तो बदलावा लागतो. भारतीय अंगाचा मापतक्ताच नव्हता म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं (निफ्ट) मुंबईसह 6 शहरांतल्या 25,000 माणसांची मापं यंत्रानं घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. तयार कपड्यासाठी तो हवाच आहे. पण तक्ता सरासरीचा असतो, आणि ब्लाउज सरासरी अंगावर कुणी घालत नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत शिवणातल्या बहुतेक गोष्टी सोप्या झाल्या. पायमशीनला छोटी मोटार बसली. कटोरी, प्रिन्सेस कट, अस्तराचा ब्लाउज हे सगळं यूट्यूबवर मराठीतून फुकट शिकता येतं, ब्लाउजचं पेपर कटिंग मापवार तयार विकत मिळतं. यानं कला पातळ झाली अशी तक्रार जुने शिक्षक करतात. मला ती पटत नाही. क्लासची फी आणि घराबाहेर पडायची परवानगी या दोन्हींच्या अभावी ज्या शिकू शकत नव्हत्या, त्या आता शिकतात. तयार कागद हा आरंभ असतो, पहिल्या दहा ब्लाउजांनंतर हात आपोआप त्याच्या बाहेर जातो. माझं म्हणणं वेगळं आहे. मशीन स्वस्त झालं, शिकणं स्वस्त झालं, पण माप घेऊन बेतण्याच्या कौशल्याला वेगळी किंमत कुणीच लावली नाही. बाजारानं नाही, सरकारनं तर नाहीच.

याचा सर्वांत बोलका पुरावा महाराष्ट्रातल्या गणवेशाच्या प्रकरणात आहे. ‘एक राज्य एक गणवेश’ या धोरणाखाली 2024-25 या वर्षात सरकारी शाळांतल्या 40 लाखांहून अधिक मुलांसाठी कापड केंद्रीय पद्धतीनं खरेदी झालं. नियमित गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांनी शिवायचा, तोही आधीच कापून आलेल्या कापडातून. स्काउट-गाईडचा दुसरा गणवेश शाळा व्यवस्थापन समितीनं स्थानिक पातळीवर शिवून घ्यायचा, त्यासाठी शिलाईचे 100 रुपये आणि अनुषंगिक खर्चाचे 10. योजनेमागचा हेतू मला चांगला वाटतो. गावच्या बायकांना काम मिळावं, गरिबाच्या मुलाला बरं कापड मिळावं, यात वावगं काही नाही. पण शाळा सुरू होऊन महिने उलटले तरी अनेक ठिकाणी गणवेश पोचले नव्हते, आणि पोचले तिथून ते मुलांना होत नसल्याच्या तक्रारी आल्या. दोष शिवणाऱ्यांचा असल्यासारखं बोललं गेलं. तो अन्याय होता. इयत्तेवरून साइझ धरून कापलेलं कापड हातात आल्यावर शिवणारीनं काय करावं? चौथीतलं एक मूल दुसऱ्यापेक्षा वीतभर उंच असतं, हे तिला दिसत होतं. तिच्याकडून बेतणं काढून घेतलं होतं, फक्त टीप मारणं शिल्लक ठेवलं होतं. कारखान्यात ही विभागणी चालते, कारण तिथे न झालेला कपडा दुकानात दुसऱ्या गिऱ्हाइकाची वाट बघत राहतो. शाळेत तो एका ठरावीक मुलाचा असतो.

शंभर रुपयांचा आकडाही बघण्यासारखा आहे. सप्टेंबर 2023मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम हे 18 व्यवसायांपैकी एक आहे. तिथे प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी 15,000 रुपये मिळतात. म्हणजे शिकताना दिवसाचे 500 आणि शिकून झाल्यावर एका गणवेशाचे 100. शर्ट आणि पँट मिळून दिवसाला तीन जोड उतरले तरी 300 रुपये होतात, त्यातून दोरा आणि वीज वजा. अवजार द्यायला पैसा आहे, मजुरीला नाही. घरी बसून काम करणाऱ्यांना इतर कामगारांच्या बरोबरीनं वागवावं असा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार 1996 सालचा आहे, भारतानं तो मान्य केलेला नाही. शिवणारी बाई घरकाम सांभाळून ‘जोडधंदा’ करते, ही समजूत या दोन्हींच्या मुळाशी आहे.

यावर कुणी म्हणेल की, घरचं शिवण ही बायकांवर लादलेली मजुरीच होती, ती गेली तर रडायचं कशाला? लादलेली होती, हे खरं. चार मुलांचे कपडे रात्री कंदिलाच्या उजेडात शिवणाऱ्या बाईनं त्यात कलानंद घेतला असं मी म्हणणार नाही. पण ती मजुरी तयार कपड्यानं हलकी केली, संपवली नाही. ती दुसऱ्या बायकांकडे तुकड्याच्या दरानं गेली. आक्षेपातलं जे सत्य आहे ते मजुरी वाढवण्याच्या बाजूनं जातं.

डिसेंबर 2024मध्ये राज्य सरकारनं निर्णय फिरवला आणि 2025-26पासून गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना दिले. स्थानिक पातळीवर माप घेतलं जाईल असं यातून वाटावं. पण समग्र शिक्षा योजनेचा दर दोन गणवेशांना मिळून 600 रुपयांचा आहे, म्हणजे एका गणवेशाला 300, त्यातच कापड, शिलाई, बटणं सगळं. एवढ्यात समितीला परवडतो तो सोलापूरसारख्या ठिकाणी घाऊक तयार होणारा गणवेश, साइझच्या ठरीव आकड्यांत. गावात शिवणारी असते, तिच्याकडे मशीन असतं, शाळेतली मुलं तिच्या डोळ्यांसमोर वाढलेली असतात. ‘माप घेणं व बेतणं’ असा वेगळा खर्चाचा मथळा शासन निर्णयात घालून प्रत्येक मुलामागे पन्नास रुपये त्यात धरले, तर समितीला तिच्याकडे जाण्याचं कारण मिळेल.