‘देवकीनंदन गोपाला’ : संत वऱ्हाडचा, दिग्दर्शकही वऱ्हाडचाच

संत गाडगेबाबांवरील ‘देवकीनंदन गोपाला’ हा चित्रपट १९७७ साली पडद्यावर आला. बाबांचा जन्म अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावचा (२३ फेब्रुवारी १८७६). दिग्दर्शक राजदत्त याच अमरावती जिल्ह्यातल्या धामणगावचे. मूळ नाव दत्तात्रय अंबादास मायाळू. मद्रासला ‘चांदोबा’ मासिकात काम करताना राजा परांजपे यांच्याशी गाठ पडली आणि ते त्यांचे सहायक झाले. पडद्यावरच्या नावातला ‘राज’ या गुरूंचाच. ‘मधुचंद्र’ (१९६७) हा त्यांचा पहिला स्वतंत्र चित्रपट.

बाबांची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी केली. काम अवघडच होते, कारण बाबांना जाऊन जेमतेम वीस वर्षे झाली होती आणि त्यांना प्रत्यक्ष ऐकलेली माणसे हा चित्रपट पाहणार होती. चिंध्यांचा अंगरखा, हाती खराटा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच हा वेश वऱ्हाडात सर्वांना पाठ. शिवाय बाबांचे कीर्तन वऱ्हाडी बोलीत, श्रोत्यांना प्रश्न विचारतच पुढे सरके. त्यामुळे अशा प्रसंगात उत्तर देणारा जमावही नायकाइतकाच मोलाचा.

राजदत्त यांना २०२४ साली पद्मभूषण जाहीर झाले.